तिसरी बादली

साहेब, माझ्या बापाला गद्दार तुम्ही ठरवलंत. एकदा नाही, दोनदा. पहिल्यांदा एकतीस वर्षांपूर्वी, सात मढी समोर ठेवून, टेबलावर उभं राहून. दुसऱ्यांदा आत्ता, पडद्यावर, मध्यंतराच्या बरोबर आधी, मागे शंभर व्हायोलिनं वाजवून. पहिल्या वेळी मी नऊ वर्षांची होते, तुमचं काही वाकडं करता आलं नाही. आता चाळीस पुरी झाली आहेत आणि ज्या टॉकीजला तुमचा सिनेमा लागला, त्याच टॉकीजच्या तिकीटखिडकीत मी बसते. तुमच्या माणसांनी पोस्टर चिकटवायच्या आधी एवढं तरी बघून घ्यायचं होतं.

लोक मला 'खिडकी' म्हणतात. तिकीट घेताना वाकून विचारतात, "खिडकी, कसा आहे गं?" आणि मी सांगते. चांगला असेल तर चांगला. वाईट असेल तर, "पंखे नवीन बसवलेत, झोप छान लागेल." मालक कपाळ बडवून घेतो. पण त्याला तोंड उघडायची सोय नाही, कारण हे खूळ त्याच्याच वडिलांचं. बाहेर पडायच्या बोळात त्यांनी दहा फूट लांब काळा फळा लावला. खाली खडूचा डबा. सिनेमा बघून निघालेल्या कुणीही त्यावर मत लिहावं: कामं कशी झाली, कथा कशी, काय पटलं, काय डोक्यात गेलं. वर पांढऱ्या ऑइलपेंटने एकच नियम रंगवलाय, 'सिनेमा उतरेपर्यंत पुसू नये.' थोरले मालक गेले, छताचे पत्रे बदलले, मशीन बदललं, पण तो नियम कुणी मोडला नाही. पहिल्या दिवशी पहिलं मत माझं. हा मान थोरल्या मालकांनीच दिला, मी नववीत शाळा सोडून इथे झाडू मारायला लागले तेव्हा.

शाळा सुटली ती अभ्यासाने नव्हे, नावाने. हजेरीत माझा नंबर आला की मागच्या बाकावरून कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा वाजवायचं. रोज. गुरुजीसुद्धा खाली मान घालून हसायचे. तुमच्या त्या टेबलावरच्या भाषणापासून आमच्या घराला नाव पडलं होतं 'चावीवाले'. त्यामुळे जे काही चार शब्द लिहायला शिकले, ते त्या फळ्यावर शिकले. यात शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर खुशाल काढा. तेवढ्यावर सुटका होणार नाही.

आता एकतीस वर्षांपूर्वीचं. वाचणाऱ्यांसाठी सांगते, तुम्हाला पाठच आहे.

काचकारखान्यात संप होता. बाटल्या, बरण्या, कंदिलाच्या काचा होत तिथे. संप होता तरी सगळे घरी बसले नव्हते. काचेची भट्टी विझवता येत नाही. विझली की आतली काच गोठते, भट्टी तडकते, आणि मग संप जिंकूनही कामावर जायला काही उरत नाही. म्हणून पाळीपाळीने वीस-वीस जण आत थांबून भट्टी जागती ठेवत. त्यांचे पुढारी भट्टीवाले काका. तुम्ही त्यांच्या हाताखाली, युनियनचे चिटणीस. पुढचं फाटक आतून साखळदंडाने बंद. मागच्या बोळातलं लोखंडी दार कुलपाने बंद, आणि ते कुलूप आतून-बाहेरून दोन्हीकडून चावीने उघडायचं. दाराबाहेर बोळात पहारेकऱ्याची खोली. पहारेकरी म्हणजे माझे बाबा. पगार कंपनीचा, पण मन संपाचं. चावी त्यांच्या कमरेला.

एका दुपारी बाराच्या सुमाराला एक अनोळखी माणूस सायकलवरून आला. म्हणाला, "तुमची पोरगी जिन्यावरून पडली, रक्त थांबत नाही." बाबांनी दार ओढून बघितलं, कुलूप पक्कं होतं, मग धावत घरी आले. मी जिन्यात बसून खडे खेळत होते. त्यांनी माझं डोकं चाचपलं, गुडघे चाचपले, कोपरं उलटीसुलटी करून बघितली.

"पडली नाहीस?"

"नाही."

माझ्याकडे असे बघत राहिले की, न पडून मी काही गुन्हा केला की काय असं मला वाटलं. मग तसेच उलटे धावले. तोवर मागचं दार सताड उघडं होतं, आणि कंपनीचे भाडोत्री लोक सळया घेऊन आत जाऊन बाहेरही पडले होते. सात माणसं गेली. त्यांत पहिले भट्टीवाले काका.

कुलूप तोडलेलं नव्हतं, चावीने उघडलेलं होतं. चावी बाबांच्या कमरेला होती. गणित सोपं, आणि तुम्ही ते टेबलावर चढून सगळ्यांना सोडवून दाखवलंत. तुम्ही म्हणे तीन दिवस तापाने फणफणून इस्पितळात पडला होतात, बातमी ऐकताच सलाईन उपटून आलात. काका गेले, तुम्ही उरलात. त्या टेबलावर जे चढलात, ते आजतागायत खाली उतरला नाहीत.

आता चौकशीत न आलेली गोष्ट. दुसरी चावी होती. नियमात बसत नव्हती, बाबांनीच गुपचूप करून घेतली होती, कारण एकदा कमरेची चावी घरी विसरून त्यांनी लेखी ताकीद खाल्ली होती. खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर आगीसाठी वाळूने भरलेल्या चार लाल बादल्या टांगलेल्या असत. त्यांतल्या तिसऱ्या बादलीत, कोपरापर्यंत हात जाईल इतकी खोल, मेणकापडात गुंडाळून ती चावी पुरलेली होती. घरून परतल्यावर बाबांनी आधी त्या बादलीत हात घातला. चावी नव्हती. खाली ओंजळभर वाळू सांडलेली होती. आणि बाबांनी काय केलं? झाडू घेतला आणि वाळू झाडून टाकली.

होय. तुम्ही काढाल त्याआधी मीच काढते. एकच पुरावा होता आणि तो माझ्या बापाने स्वतःच्या हाताने साफ केला. कारण वीस वर्षं पहारा दिलेला माणूस वरचे अधिकारी यायच्या आत खोलीपुढचा कचरा काढतो. हात आपोआप झाडूकडे गेला. मग भीती वाटली, चोरटी चावी ठेवली म्हणून सांगितलं तर नोकरी जाईल. नोकरी तशीही गेली. नंतर बोलले असते तर घरी बसून सुचलेली थाप वाटली असती. त्यांनी फक्त आईला सांगितलं, आणि आईने जाताना मला. बादलीचं ठाऊक असणारे आम्ही तिघं. आणि चौथा, ज्याने हात घातला तो.

एवढं पोटात घेऊन मी तुमचा सिनेमा बघायला बसले.

त्याआधी सकाळी तुमचा एक जाकीटवाला कार्यकर्ता आला होता. हातात छापील कागद. "बाई, ही वीस मतं फळ्यावर लिहून घ्या. हस्ताक्षर जरा वेगवेगळं काढा."

मी वाचलं. 'डोळे पाणावले.' 'असा नेता होणे नाही.' 'अप्रतिम, अप्रतिम, अप्रतिम.'

"अहो, सिनेमा अजून लागायचाय," मी म्हटलं.

"लागल्यावर वेगळं काय लिहिणार?"

"तसं नाही. डोळे आधी पाणावायचे का नंतर, ते सांगा."

मागून मालक कुजबुजला, "बाई, लिहा ना. आपल्या बापाचं काय जातंय?"

"तुमच्याच बापाचा नियम आहे मालक. बघितल्याशिवाय लिहायचं नाही."

"असा कुठला नियम आहे?"

"रंगवायचा राहिला."

शेवटच्या रांगेत कागद-पेन्सिल घेऊन बसले. सूड घ्यायचा तर नीट घ्यावा, फुकटच्या शिव्या देऊन घसा बसतो फक्त. पहिल्या तासात मी एक्केचाळीस चुका लिहिल्या. तुमच्या सिनेमात संपाच्या काळात भट्टी विझलेली आहे आणि तिच्या तोंडाशी मांजर झोपलंय. कामगार नव्या कोऱ्या निळ्या कपड्यांत, इस्त्री मोडू नये म्हणून जपून बसतात. भोंगा वाजतो तो आगगाडीचा. काच फुंकायची नळी एक जण बासरीसारखी आडवी धरतो. भट्टीवाले काका, ज्यांनी तुम्हाला बोलायला शिकवलं, ते पडद्यावर तोतरे आहेत आणि दर प्रसंगात तुमचा सल्ला विचारतात. लेखकाला कारखाना माहीत नाही, संप माहीत नाही, काच म्हणजे काय ते माहीत नाही. मला बरं वाटत होतं. म्हटलं, इतका वाईट सिनेमा आपल्या शत्रूला मिळाला, देव आहे.

मग तो प्रसंग आला. दुपार. बोळ. पहारेकरी इकडेतिकडे बघतो. भिंतीवर चार लाल बादल्या. तो पहिली सोडतो, दुसरी सोडतो, तिसरीत हात घालतो. कोपरापर्यंत. मेणकापडाची पुरचुंडी काढतो. हात मांडीवर तीनदा झटकतो, नखांवर फुंकर मारतो आणि दार उघडतो.

माझ्या हातातली पेन्सिल खाली पडली. शोधायलासुद्धा वाकले नाही.

ढीगभर चुकांमध्ये एक गोष्ट बरोबर होती. आणि बरोबर होती ती नेमकी जगात कुणालाच ठाऊक नसलेली.

दुसऱ्या दिवशी बाराच्या खेळाला बाबांना घेऊन गेले. ते सिनेमा बघत नाहीत. बाजारात जात नाहीत, लग्नाकार्यात जात नाहीत. एकतीस वर्षांत त्यांनी स्वतःला इतकं आवरतं घेतलंय की, घरातसुद्धा खुर्चीच्या कडेवर बसतात. मी म्हटलं, "बाबा, एक काम आहे. एकच गोष्ट बघायची आणि मला सांगायची." स्वतःला गद्दार झालेलं बघायला मी माझ्या बापाला नेलं. याचाही हिशेब तुमच्या नावावर.

पडद्यावर हात तिसऱ्या बादलीत गेला आणि बाबा उभे राहिले. मागचा ओरडला, "ओ आजोबा, बसा की!" ते बसले नाहीत. मी त्यांना धरून बाहेर बोळात आणलं, फळ्याजवळच्या स्टुलावर बसवलं, पाणी दिलं.

"एकदाच," ते म्हणाले. "एकदाच काढली होती मी ती चावी. कमरेची परत घरी राहिली होती. तो खोलीत चहा प्यायला बसला होता. मी म्हटलं, बघू नकोस रे तिकडे. तर हसला. म्हणाला, मी कशाला बघू?"

"कोण, बाबा?"

त्यांनी हनुवटीने दाखवलं. समोर भिंतीवर तुमचं पोस्टर होतं, सूर्याच्या जागी तुमचं डोकं.

"आणि हे तुम्हाला आजवर सुचलं नाही? एकतीस वर्षं?"

"तो इस्पितळात होता ना गं," बाबा म्हणाले. "सगळे म्हणत होते."

ऐकलंत, साहेब? ज्याने आपलं नाव मातीत घातलं, त्याच्यावर माझा बाप एकतीस वर्षं संशय घेत नव्हता, कारण तुम्ही आजारी होतात.

तरीही मी थांबले. मनात आलं, लेखकाला सुचलं असेल, योगायोग असेल. आणि मग रविवारच्या पेपरात पहारेकऱ्याचं काम करणाऱ्या नटाची मुलाखत आली. ती मी कापून ठेवली आहे. तो म्हणतो, "लेखकाने आधी लिहिलं होतं की, पहारेकरी कमरेची चावी काढून दार उघडतो. साहेब सेटवर आले आणि म्हणाले, असं नाही. त्यांनी स्वतः बादल्या टांगून घेतल्या, हात कसा घालायचा, कसा झटकायचा ते दहा वेळा करून दाखवलं. इतका बारीक तपशील फक्त साहेबांच्याच लक्षात राहू शकतो."

खरं आहे. फक्त साहेबांच्याच.

मी खूप विचार केला की, इतका धूर्त माणूस असा कसा घसरला. मला वाटतं, हौस. आयुष्यातलं सगळ्यात सफाईचं काम केलंत आणि ते कुणाला दाखवता येत नव्हतं. समोर नट चुकीचं करत होता. राहवलं नाही. म्हातारा पहारेकरी इतकी वर्षं बोलला नाही, म्हणजे मेला असेल किंवा विसरला असेल. त्याला मुलगी आहे हे मात्र तुमच्या लक्षात राहायला हवं होतं. तिचंच रक्त सांडलं म्हणून निरोप धाडला होतात.

त्या सोमवारी दुपारचा खेळ सुटायच्या आत मी फळ्यावर लिहिलं. पहिल्या मताची माझी जागा तोवर रिकामीच ठेवली होती, तिथे, सगळ्यात वर, सगळ्यात मोठं. आता आठवून जसंच्या तसं देते.

'भूमिका: साहेबांचं काम करणाऱ्या नटाला रडता येत नाही, शिंक येता येता राहिल्यासारखं तोंड होतं. तिसऱ्या गाण्यात मिशीचं उजवं टोक सुटतं. पुढच्या प्रसंगात डावं. संवाद: या सिनेमात कुणी बोलत नाही, सगळे भाषण करतात. नवरा बायकोकडे पाणी मागतो, तेही जनतेला उद्देशून. पटकथा: काचेची भट्टी विझलेली दाखवणाऱ्या लेखकाने काच फक्त चष्म्याला लावलेली दिसते. काम चांगलं एकट्याचंच, पहारेकरी झालेल्या नटाचं. त्याला शिकवणारा जाणकार होता. शेवटचा प्रश्न: पहारेकरी थेट तिसऱ्या बादलीत हात घालतो. तिथे चावी असते हे सिनेमावाल्यांना कुणी सांगितलं?'

खाली सही, खिडकी. आणि शेजारी खिळ्याला ती मुलाखत टांगली.

मालकाने वाचलं आणि खुर्ची शोधली. "बाई, माझी टॉकीज जाळतील हो!"

"मग पुसा."

त्याने वर रंगवलेल्या नियमाकडे बघितलं. वडिलांचं अक्षर. "तुम्ही माझा गळाच धरलाय," म्हणाला आणि निघून गेला. पण पुसलं नाही. भित्रा आहे, नालायक नाही.

लोक वाचू लागले. बहुतेकांना मिशीचंच हसू आलं. लिहिल्यापासून चौथ्या दिवशी भट्टीवाल्या काकांची बायको आली. आम्ही तिला काकू म्हणायचो, त्या दुपारपर्यंत. नंतर ती आमच्या दारावरून जाताना थुंकायची. एकतीस वर्षं, कधी चुकली नाही. मी तिला कधी दोष दिला नाही. तिच्या जागी मी दगड मारले असते.

खिडकीशी वाकली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक दे."

"काकू, सिनेमात तुमचं काही बरं दाखवलेलं नाही."

"मी बादली बघायला आलेय."

खेळ सुटल्यावर ती बोळात आली. फळा वाचला, मुलाखत वाचली, परत फळा वाचला. बाबा स्टुलावर होते. त्या दिवसापासून ते रोज येऊन बसायचे, पहाऱ्यावर असल्यासारखे. काकू त्यांच्यासमोर उभी राहिली.

"भाऊ, तेव्हा का नाही बोललास रे मेल्या?"

"वहिनी, वाळू झाडली मी."

"काय?"

"वाळू सांडली होती. मी झाडून टाकली."

तिने कपाळाला हात लावला. मग पदराने खुर्ची पुसावी तसं शेजारचं बाकडं पुसलं आणि तिथे बसली. अंधार पडल्यावर उठून घरी गेली. पण दुसऱ्या दिवशी ती परत आली, आणि तिच्याबरोबर आणखी दोन म्हाताऱ्या. सातांपैकी तीन घरं झाली.

सिनेमाच्या नवव्या दिवशी तुम्ही स्वतः आलात. दुपारी चारला, हार-बिर घेऊन, रंगमंचावर नटमंडळींचा सत्कार करायला. आत जायच्या रस्त्यावर गर्दी होती म्हणून जाकीटवाल्याने तुम्हाला बाहेर पडायच्या बोळातून आणलं. तो नवीन पोरगा, फळ्यावर काय लिहिलंय ते त्याने वाचलंच नव्हतं. त्याचे उपकार मी फेडू शकत नाही.

तुम्ही थांबलात. वाचायला लागलात, मोठ्याने. म्हणालात, "वा! ही कोण खिडकी?" शिंकेवर हसलात. मिशीवर तर नटाच्या पाठीत थाप मारलीत. "पाणी मागतो तेही जनतेला उद्देशून!" यावर इतके हसलात की, मागची पन्नास माणसं हसू लागली. मालकाला कंठ फुटला, म्हणाला, "पुसून टाकू का साहेब?" तुम्ही म्हणालात, "छे छे, टीका सहन करता आली पाहिजे. लोकशाही आहे."

मग शेवटच्या ओळीशी आलात. ती मोठ्याने वाचली नाहीत.

सगळ्यांनी बघितलं, साहेब. पन्नास माणसं होती, मी होते, बाकड्यावर तीन विधवा होत्या. तुम्ही डस्टर उचललंत. शिंक ठेवलीत, मिशी ठेवलीत, लेखकाचा चष्मा ठेवलात. तुमच्या सिनेमाची आम्ही केलेली सगळी बेअब्रू ठेवलीत. आणि तेवढाच एक प्रश्न पुसलात. डावीकडून उजवीकडे, नीट, कोपऱ्यापर्यंत. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण इतकं चारचौघांत खाजवताना मी कुणाला बघितलं नव्हतं.

हाताला खडू लागला. तुम्ही हात मांडीवर झटकलात. एकदा, दोनदा, तीनदा. मग नखांवर फुंकर मारलीत.

स्टुलावरून बाबा म्हणाले, "हे बघ. त्या नटाने अस्संच केलं होतं."

आवाज मोठा नव्हता, पण बोळ अरुंद आहे. तुम्ही वळलात. "हे कोण?"

"पहारेकरी," बाबा म्हणाले. "चहा प्यायचास माझ्याकडे."

एकतीस वर्षांत पहिल्यांदा मी माझ्या बापाला कुणाला अरे-तुरे करताना ऐकलं.

तुम्ही पाठ फिरवलीत. आत गेलात आणि रंगमंचावर चाळीस मिनिटं बोललात, हौतात्म्यावर. इकडे काकू उठली, खडू घेतला आणि पुसलेल्या जागी तो प्रश्न परत लिहिला. तिची अक्षरं वाकडी आहेत, पण वीतभर उंच. दुसऱ्या म्हातारीने खाली लिहिलं, 'मी पण विचारते.' तिसरीला लिहिता येत नाही. तिने अंगठ्याला खडू चोळून ठसा उठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी हुकूम आला. फळा पुसायचा तर सिनेमा उतरायला हवा, हे मालकाने हात जोडून जाकीटवाल्याला समजावलं होतं. तर तुम्ही सिनेमाच उतरवलात! स्वतःच्या आयुष्यावरचा, स्वतःच्या माणसांनी काढलेला, साऱ्या कचेऱ्यांतून फुकट पास वाटलेला सिनेमा, दहाव्या दिवशी, भरल्या टॉकीजमधून. पोस्टर निघालं. सूर्य फाटला, तुमचा एक डोळा आणि एक कान तेवढा भिंतीला चिकटून राहिला. मग दोघांनी पाण्याने फळा धुतला. मी बादली आणून दिली. लाल नव्हती, क्षमा असावी.

म्हणून आता कागदावर लिहिते आहे. हा कागद माझ्या खिडकीच्या काचेला आतून चिकटवलाय. बाहेरून फाडता येत नाही, आणि तिकीट घेणाऱ्याला वाकल्यावर वाचावाच लागतो.

लोक मला विचारतात, "काय मिळणार गं तुला? न्याय?" न्यायाची वाट बघण्यात माझ्या बापाचे दात पडले. मला न्याय नको. मला हवंय की, तुम्ही बाजारातून जाताना मागून कुणीतरी किल्ल्यांचा जुडगा वाजवावा. रोज. तुम्ही वळून बघावं आणि वाजवणारा सापडू नये. तुमच्या घराला आमचं नाव पडावं. आम्ही ते पुष्कळ वापरलं, अजून टिकाऊ आहे.

आणि मला उत्तर हवंय. तुमचे लोक आता म्हणू लागलेत की, बादलीचं साहेबांना दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असेल. चालेल. मग त्या माणसाचं नाव सांगा. ज्याने सात माणसं मारायला दार उघडलं त्याला तुम्ही ओळखता आणि एकतीस वर्षं लपवता, असं टेबलावर चढून सांगा. टेबल मी देते. किंवा कुणीच सांगितलं नाही असं म्हणा, म्हणजे काय ते आम्ही समजू.

बाबा रोज बारा वाजता येऊन त्या रिकाम्या फळ्यासमोर बसतात. काकू बाकड्यावर असते. कालपासून दोघं चहा एकाच थर्मासमधला पितात. त्यांना फार दिवस थांबवू नका, वयं झाली आहेत. एकच प्रश्न आहे, साहेब, आणि आता तो पुसायला डस्टर नाही. तिसऱ्या बादलीत चावी असते, हे तुम्हाला कुणी सांगितलं?